वास घेणारी टिकली

प्रिय अनन्या आणि नील,

मागच्या रविवारी आपण बोलत होतो तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरातले गॅसचे यंत्र एकदम ओरडायला लागले. शेगडीचे बटण थोडे उघडे राहिले होते. तुमच्या बाबांनी ते बंद केले, खिडकी उघडली, आणि नीलने मला विचारले, "आजी, त्याला कळलं कसं? त्याला नाक आहे का?" मी म्हटले, नंतर सांगते. उत्तर मला येत होते. पण ज्या माणसाने ते मला शिकवले त्याला बाजूला ठेवून ते सांगणे मला जमेना. म्हणून हे लिहिते आहे. तुमची आई वाचून दाखवील. हैदराबादी शब्द आले तर अडू नका, तिला विचारा. ती नारायणगुड्यात वाढली आहे, तिला सगळे समजतात.

मी ज्या सरकारी संस्थेत ग्रंथपाल होते तिथे धातू, सिमेंट, रंग, रबर असल्या पदार्थांची तपासणी चाले. डॉ. मारोती गजभारे तिथे शास्त्रज्ञ होते. ते पहिल्यांदा ग्रंथालयात आले तो दिवस मला आठवतो, कारण आधी ते आत आलेच नाहीत. दारात उभे राहून त्यांनी हवा हुंगली आणि म्हणाले, "बाई, तुमची पुस्तकं सडायलीत."

मला राग आला. माझी कपाटे सगळ्या संस्थेत सर्वांत नीटनेटकी होती. मी म्हटले, "जुन्या पुस्तकांचा वास आहे तो. मला फार आवडतो."

"आवडणारच. कागद हळूहळू मरायलाय, त्याचा वास आहे तो. गोड असतो." मग ते आत आले आणि खुर्चीत बसत म्हणाले, "दचकू नका. अजून शंभर वर्षं पुरतील तुमची पुस्तकं."

उंच, सावळे, हडकुळे. वासाविषयी एवढे बोलणाऱ्या माणसाचे नाक मोठे असेल असे तुम्हाला वाटेल, पण ते अगदी साधे आणि जरा बसकेच होते. डोक्याला तेल लावत नसत, अंगाला साबण लावत नसत. आंघोळीला डाळीचे पीठ. कॅन्टीनचा चहा आला की कप आधी नाकाखाली जाई. "दूध कालचं आहे," ते सांगत, आणि तो चहा पूर्ण पीत. कॅन्टीनवाला म्हणे, "साब, पीना है तो पियो, पंचनामा नक्को करो."

त्यांचे काम काय होते ते आता सांगते, आणि सोपे करून सांगते, कारण त्यांनी मला तसेच सांगितले होते. तुमच्या पणजीच्या पितळी भांड्यांना आतून कल्हई करत. कल्हईचा धातू म्हणजे कथील. कथील हवेत तापवले की त्याची पांढरी भुकटी होते. त्या भुकटीत ते थोडे तांबे मिसळत, दाबून तिची कपाळावरच्या टिकलीएवढी चकती करत आणि भट्टीत भाजत. तिला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. ते तिला टिकली म्हणत. तुमच्या यंत्रातही अशीच एक बसवलेली आहे. ही टिकली अर्धवट वाहक. म्हणजे वीज तिच्यातून जाते, पण कुरकुरत जाते. ती कधी कुरकुरते आणि कधी धावते, यातच सगळी गंमत.

"बेगम बाजारची गल्ली डोळ्यांपुढे आणा," ते म्हणाले होते. "टिकली गरम केली की हवेतला ऑक्सिजन येऊन तिच्या दोन्ही बाजूंना उभा राहतो. हातगाडीवाल्यांसारखा. मग करंट बिचारा अंग चोरून चोरून जातो. तेवढ्यात विषारी गॅस येतो. तो एकेका गाडीवाल्याला हाताला धरून घेऊन जातो. गल्ली मोकळी! करंट पळत सुटतो. आणि करंट पळाला, की समजायचं, गल्लीत कुणीतरी परकं शिरलंय."

"आणि टिकली थंड असेल तर?"

"थंड टिकलीला काहीच कळत नाही. आपल्या डायरेक्टरसारखी."

त्यांना पकडायचा होता तो गॅस गटारात साठतो. थोडा असला की कुजक्या अंड्याचा वास येतो. प्रयोगशाळेत ते बूच लावलेल्या बाटलीत एक कुजके अंडे ठेवत आणि त्या बाटलीला 'साहेब' म्हणत. "लक्ष्मीअम्मा, साहेबांना आणा," असे ते ओरडले की त्यांच्या मदतनीस लक्ष्मीअम्मा पदर नाकाला लावून बाटली आणत. टिकली आणि तिला तापवणारी तार त्यांनी एका छोट्या डबीत बसवली होती; बूच जरा सैल केले की ती डबी ओरडे, बूच लावले की थोड्या वेळाने गप्प होई. नव्या माणसाला वाटे की खरेच कुणी अधिकारी यायचे आहेत, आणि तो शर्ट नीट करू लागे.

पण याच गॅसबद्दल एक गोष्ट ते कधी हसत सांगत नसत. तो जास्त झाला की वास येणेच बंद होते, कारण तो सगळ्यात आधी नाक मारतो. खाली उतरलेल्या माणसाला वाटते, गेला वास, चांगली हवा आली. "वास गेला म्हणजे गॅस गेला नाही, बाई," ते म्हणत. "नाक गेलं."

बेगम बाजारात ते दर महिन्याला जात. एकदा मला आणि लक्ष्मीअम्मांना हिंग घ्यायचा होता, म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. त्यांच्या पिशवीत नवी डबी होती, तीही चालू. हिंगाच्या दुकानापाशी पोहोचलो तशी ती जी किंचाळू लागली की गल्लीतली माणसे थांबली. गादीवरचे म्हातारे दुकानदार उठून उभे राहिले.

"क्या जी, ये मशीन हमारे माल को जहर बोलरा क्या?"

"नहीं चाचा," गजभारे म्हणाले, "तारीफ कररा. असली है बोलके बोलरा."

म्हातारे पुन्हा गादीवर बसले. "ऐसा है तो यहींच छोड के जाओ ना. गाहकों को सुनाता मैं."

परतताना गजभारे फार खूश होते. हिंगातही गंधक असते, आणि नाकाने ओळखावे तसे टिकलीने ते भर गर्दीत ओळखले होते. लक्ष्मीअम्मा मात्र म्हणाल्या, "सारु, घरी सांबार केलं तरी ओरडेल मग ही." ते एकदम गंभीर झाले. पुढचे कित्येक महिने ते टिकलीला गटार आणि सांबार यांतला फरक शिकवत बसले होते.

आमच्याकडे दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा होई. हळद, कुंकू, नारळ, उदबत्तीचा धूर, मोगऱ्याचे गजरे. गजभारे सकाळपासून प्रयोगशाळेच्या दारात हात पसरून उभे. संचालकांनी समजावले, युनियनने समजावले. "माझ्या टिकल्यांना धूर चालत नाही. देवाला सांगा, बाहेरून आशीर्वाद द्या." असे दोन-तीन दसरे भांडणात गेले. शेवटी लक्ष्मीअम्मांनी तोड काढली. त्या अबोलीच्या फुलांची परडी घेऊन आल्या. अबोलीला वासच नसतो. गजभाऱ्यांनी एक फूल नाकाशी धरले, मग दुसरे, मग चालू डबीपुढे धरले. डबी गप्प. ते दारातून बाजूला झाले. तेव्हापासून सगळ्या संस्थेत फक्त त्यांच्या खोलीत यंत्रांवर केशरी अबोली असे, आणि लक्ष्मीअम्मा त्या दिवशी मोगरा माळत नसत.

त्या डब्या शेवटी रस्त्यावर गेल्या. शहरातल्या मोऱ्या साफ करणारा एक कंत्राटदार होता, त्याच्या माणसांना त्या वापरायला दिल्या. त्या टोळीचा मुकादम यादय्या. मलकपेठेत पहिली चाचणी झाली तेव्हा आम्ही संस्थेतले पुष्कळजण बघायला गेलो होतो. त्यांची आधीची रीत अशी: झाकण काढून अर्धा तास नुसते थांबायचे. मग एकाने कमरेला दोर बांधून उतरायचे. उतरणाऱ्याने सतत गात राहायचे. गाणे थांबले की वरच्यांनी दोर ओढायचा. यादय्याचा धाकटा भाऊ मल्लेश उतरत असे. त्याचा आवाज वाईट होता आणि तो त्याला चांगला वाटत असे. भोकातून ते बेसूर गाणे वर येई आणि रस्त्यावरचे लोक हसत.

चाचणीला आलेले एक इंजिनियर गजभाऱ्यांना प्रेमाने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुम्ही आपल्या लोकांसाठी हे करताय, फार मोठं काम आहे."

"आपले म्हणजे?" गजभाऱ्यांनी विचारले.

इंजिनियर चाचरले. नांदेडकडचे बौद्ध कुटुंब, एवढे त्यांना ठाऊक होते आणि पुढचे त्यांनी जोडून घेतले होते.

"माझे वडील रेल्वेत सिग्नलवर होते," गजभारे शांतपणे म्हणाले. "आजोबांचं शेत होतं. आमच्या घराण्यात मोरीत डोकं घालणारा मीच पहिला. तेही पीएचडी करून." आणि यादय्याकडे वळून, "चल, दाखव तुझं भोक."

डबी दोरीने खाली सोडली. ती ओरडली. ओरडायची थांबली, मग मल्लेश उतरला. यादय्याला ते आवडले, पण त्याची एक तक्रार होती. "सार, ये चालू है की बंद, कैसा मालूम? बोलता नहीं, कुछ नहीं. मुर्दे सरीखा पडा रहता."

ते बरोबर होते. गजभाऱ्यांनी पुढच्या डब्यांना एक छोटा हिरवा दिवा लावला. सेल चांगले आहेत, वीज आहे, एवढेच तो सांगे. यादय्या खूश झाला. हळूहळू टोळीला डबीची सवय झाली. एकदा मल्लेश म्हणाला, "डब्बा है ना, मैं कायकू गाऊं?" आणि त्याने गाणे सोडून दिले. कंत्राटदाराने अर्ध्या तासाचे थांबणे सोडले. डबी असताना कशाला वेळ घालवायचा? गजभाऱ्यांना तेव्हा यात काही वावगे दिसले नाही, उलट अभिमान वाटला. डबी खरे बोलत होती. दर उन्हाळ्यात ते सगळ्या डब्या परत मागवत, साहेबांपुढे एकेक धरून तपासत, थकलेल्या टिकल्या बदलत आणि पावसाळ्याआधी परत देत.

मग राज्याचे दोन तुकडे झाले. तुम्ही नकाशात आंध्र आणि तेलंगण वेगळे बघता, त्याआधी ते एकच राज्य होते. जे जे सामाईक, ते वाटायचे ठरले. आमची संस्थाही. मला त्या वर्षांबद्दल कुणावर दोष ठेवायचा नाही. वाटप करणारी माणसे आमच्यासारखीच होती आणि त्यांना नियम दिले होते. ग्रंथालयातल्या मासिकांचे खंड वाटायचे होते. समितीने विषम खंड एका राज्याला आणि सम खंड दुसऱ्याला दिले. मी कपाटापाशी उभी राहून ते खोक्यात भरताना बघत होते. गजभारे माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "वा," ते म्हणाले, "प्रश्न एका राज्यात, उत्तर दुसऱ्या राज्यात."

माणसांचेही वाटप झाले. गजभाऱ्यांना मूळ जिल्हा विचारला.

"नांदेड."

"ते महाराष्ट्रात येतं," कारकून म्हणाला.

"माझे वडील इथं आले तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. आम्ही कुठंच गेलो नाही हो. दर वेळी राज्यच उठून जातंय."

कारकुनाने बराच वेळ पडद्याकडे पाहिले. तिथे दोनच पर्याय होते. ज्येष्ठतेच्या हिशेबात गजभाऱ्यांचे नाव किनाऱ्याकडच्या राज्यात पडले. तिकडे अजून इमारत नव्हती, म्हणून हुकूम येईपर्यंत इथेच थांबा असे सांगितले. त्यांनी अर्ज केले. इंग्रजी तपासायला ते माझ्याकडे आणत. मी भाषा नीट करून देई. भाषा नीट झाली म्हणून काही झाले नाही.

तो उन्हाळा होता. डब्या तपासणीसाठी परत आल्या होत्या, त्यांच्या कपाटात होत्या. आणि त्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या दाराला कुलूप लागले. कुलपावर दोन्ही राज्यांची लाखेची मोहर.

आमचा भांडारपाल प्रसाद. तो चांगला माणूस होता हे मी मुद्दाम लिहिते. मोहर लागण्याआधी एक दिवस त्याला हुकूम मिळाला होता की सामान बंदोबस्तात ठेवा, पावसाने खराब झाले तर तुमची जबाबदारी. त्याने मनापासून काम केले. इतर लोक कपाटांवर जुने पडदे टाकत होते. प्रसादने स्वतः बाजारातून खिडकीच्या काचा बसवायची ती पांढरी सिलिकोनची पेस्ट आणली आणि प्रत्येक कपाटाची, प्रत्येक खोक्याची फट न् फट भरली.

दुसऱ्या दिवशी गजभारे कुलूपबंद दारापुढे उभे होते. मग ते ग्रंथालयात आले आणि मला विचारले, "कदमबाई, आज कुणी लोणचं आणलंय का?"

"नाही. का?"

"माझ्या दाराच्या फटीतून व्हिनेगरचा वास यायलाय."

ती पेस्ट वाळताना तसा वास येतो. ते त्यांना लगेच आठवले असावे, कारण बोलता बोलताच त्यांचा चेहरा बदलला. आम्ही प्रसादकडे गेलो. तो अभिमानाने म्हणाला, "सार, तुमचं कपाट तर मी स्वतः केलं. एक मुंगी जाणार नाही आत."

गजभारे खुर्चीत बसले. त्यांनी आवाज चढवला नाही. "प्रसाद, त्या पेस्टची वाफ टिकलीवर बसते. टिकली तापली की त्या वाफेची काच होते. दुधावर साय धरते तशी. मग खालून टिकलीला हवा दिसत नाही. गॅस आला तरी दिसत नाही." मग म्हणाले, "आताच उघडून दे. मोकळ्या हवेत ठेवतो. काही वाचतील."

प्रसाद पांढरा पडला. "सार, दोन मोहरा आहेत. एकच असती तर मी डोळे मिटले असते."

दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकाच वेळी हजर राहून मोहर काढायची होती. एकाला वेळ असे तेव्हा दुसऱ्याला नसे. गजभारे रोज त्या दारापुढे जाऊन उभे राहत. काही करता येत नव्हते, तरी जात. व्हिनेगरचा वास काही दिवसांनी गेला. ते म्हणाले, "आता वास गेला," आणि पुढचे वाक्य बोलले नाहीत.

मोहर काढली तेव्हा पावसाळा सुरू झाला होता आणि मोऱ्या तुंबल्या होत्या. डब्यांची ताबडतोब मागणी आली. नव्या संचालकसाहेबांनी छोटासा कार्यक्रम ठेवला. टेबलावर डब्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीचा हिरवा दिवा लागलेला. दिसायला फार सुरेख दिसत होत्या. गजभाऱ्यांनी सगळ्यांसमोर बाटली आणली आणि बूच पूर्ण काढले. खोलीतल्या लोकांनी रुमाल काढले. एकही डबी ओरडली नाही.

"पाहिलंत?" गजभारे म्हणाले. "या मेल्या आहेत."

"पण लाइट तर आहे," साहेब नाक दाबून म्हणाले.

"लाइट वीज आहे एवढंच सांगतो."

"गॅस कमी असेल."

"तुम्हाला वास येतोय का?"

"येतोय की! बंद करा ती बाटली."

"तुम्हाला येतोय. तिला येत नाही. खाली माणूस हिच्या भरवशावर उतरणार आहे, साहेब."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी मला बाजूला बोलावून विचारलेसुद्धा, "हे खरं आहे का?" मी हो म्हटले. पण डब्या दोन राज्यांची सामाईक मालमत्ता होत्या. वापरायला द्यायचे अधिकार त्यांना होते. निकामी म्हणून काढून टाकायचे अधिकार वाटप पूर्ण होईपर्यंत कुणालाच नव्हते. नव्या टिकल्या कराव्या तर भट्टी एका राज्याकडे आणि दाबयंत्र दुसऱ्याकडे लिहिले गेले होते. डब्या कंत्राटदाराला दिल्या गेल्या. फोटो निघाला. त्यात गजभारे नाहीत.

ते सरळ यादय्याकडे गेले. मला त्यांनी नंतर सांगितले, आणि यादय्यानेही तेच सांगितले, म्हणून ते बोलणे मला पाठ आहे.

"यादय्या, डब्ब्यावर भरोसा नक्को करू. मेले आहेत ते."

"हरा बत्ती जलरी ना सार."

"जळू दे. ती काही सांगत नाही. झाकण उघडून अर्धा तास थांबा. मल्लेशला गायला सांग."

यादय्या म्हणाला, "सार, भरोसा करो बोलके तुमीच बोले. अब नक्को बोलके भी तुमीच बोलरे. मैं समझता. लेकिन शेठ नहीं समझता. हरा है तो उतरो, बोलता. अर्धा घंटा रुके तो दूसरे को बुलाता."

"मी सांगतो शेठला."

"बोलो सार. तुमारी सुनेगा तो अच्छाच है."

शेठने ऐकून घेतले, चहा दिला, आणि सरकारी यंत्र निकामी असल्याचे सरकारी पत्र आणा, म्हणाला. तसे पत्र कोण देणार होते?

त्या दिवसांत गजभारे एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत. "मी हिरवा लावायला नको होता, कदमबाई." मी म्हणे, यादय्यानेच मागितला होता. "त्यानं दिवा मागितला. रंग मी दिला. हिरवा म्हणजे जा, हे कुणालाही कळतं. मला कळलं नाही."

त्यानंतर त्यांना किनाऱ्याकडे रुजू होण्याचा हुकूम आला. तिथे एका भाड्याच्या गोदामात त्यांना टेबल दिले. भट्टी पोहोचली होती, पण तिचे वीजजोडणीचे काम झाले नव्हते. ते रोज सकाळी यादय्याला फोन करत. झाकण उघडलं का? थांबलात का? मल्लेश गातोय का? यादय्या कधी हो म्हणे, कधी "शेठ खडा है सार" म्हणून फोन ठेवी. एके सकाळी फोन उचलला गेला नाही. दुपारी लक्ष्मीअम्मांचाच फोन आला, आणि बातमी त्यांनी सांगितली.

मल्लेश गेला होता. डबी त्याच्या कमरेला होती आणि दिवा हिरवा होता. तो गात नव्हता, म्हणून गाणे कधी थांबले हे वरच्यांना कळलेच नाही. दोर उशिरा ओढला.

गजभारे त्याच रात्रीच्या गाडीने आले. मी त्यांना यादय्याच्या घरी पाहिले. ते भिंतीला टेकून बसले होते. यादय्या त्यांना काहीच बोलला नाही, आणि मला वाटते, त्यांना तेच सगळ्यात जड गेले. चौकशी झाली. यंत्र चालू स्थितीत असल्याचे आढळले, कारण दिवा लागत होता. डब्या त्यानंतर वापरातून काढल्या, निकामी म्हणून नाही तर पुरावा म्हणून. त्या जागी नवे काही आले नाही. अर्धा तास थांबायची सवय एकदा मोडली ती मोडलीच.

गजभाऱ्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि मलकपेठेत परत आले. नंतर थोड्याच महिन्यांनी मी नीलच्या जन्मासाठी तुमच्याकडे आले. परत गेले तेव्हा ते राहिले नव्हते. हृदय थांबले, झोपेत. म्हणून तुमच्याकडे यायला निघण्याआधी मी त्यांना पाहिले ते शेवटचे.

मी रिक्षाने मलकपेठेहून घरी येत होते. रेसकोर्सच्या पुढे रहदारी तुंबली होती. रिक्षावाला मान बाहेर काढून बघत म्हणाला, "कोई बुड्ढा रस्ते में बैठा है अम्मा." मी पाहिले. रस्त्याच्या मधोमध मोरीचे झाकण काढून ठेवले होते, आणि त्या उघड्या भोकाच्या कडेवर, पाय आत सोडून, गजभारे बसले होते. त्यांना उठवल्याशिवाय कुणाला उतरता येणार नव्हते. कंत्राटदाराचा माणूस त्यांच्या डोक्यावर उभा राहून ओरडत होता, "पेद्दाय्या, लेवंडी! उठो ना जी, टाइम होरा!" मागे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. ते हलत नव्हते. मनगट वर करून घड्याळ बघत, आणि पुन्हा खाली बघत.

मी उतरून जवळ गेले. "हे काय, डॉक्टरसाहेब?"

"अर्धा तास," ते म्हणाले. "संपत आला."

"रोज असं बसता?"

"यादय्या फोन करतो, त्या दिवशी बसतो."

मला त्यांच्यावर रागावावेसे वाटले आणि रागावता आले नाही. मी म्हटले, "या शहरात मोऱ्या किती आहेत, माहीत आहे ना तुम्हाला?"

त्यांनी वर पाहिले. हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा काही दु:खीही दिसत नव्हता. एखादे मोजमाप चालू असताना मध्येच कुणी बोलले तर दिसे तसा दिसत होता.

"माहीत आहे, कदमबाई," ते म्हणाले. "आज ही आहे."

मागून रिक्षावाल्याने हाक मारली. वाट जराशी मोकळी झाली होती आणि त्याला ती दवडायची नव्हती. मी जाऊन बसले. मागच्या काचेतून पाहिले तेव्हा यादय्या, दोराचे वेटोळे खांद्यावर, त्यांच्या शेजारी खाली बसला होता. त्यानेही पाय आत सोडले होते. कंत्राटदाराचा माणूस ओरडून थकला होता आणि कमरेवर हात ठेवून तोही थांबला होता.